सगळ्यात कमी कोटेशन आणि अचौर्याचे पाच अतिचार



बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की आपल्या घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. हल्ली साधा लॅपटॉप मुलांना चालत नाही, गेमिंग लॅपटॉप लागतो. तोही खोक्यात येईल तसा नको असतो. रॅम इतकी, एसएसडी एवढी, ग्राफिक्स कार्ड हे आणि स्क्रीन ती, असा आपल्या मागणीप्रमाणे जुळवून हवा असतो. किंमत लाखाच्या वर जाते. मग घरातली मंडळी तीन-चार ठिकाणी भाव काढतात, जिथे सगळ्यात कमी मिळतो तिथे घेतात आणि पुढे वर्षभर प्रत्येक कार्यात सांगतात, "आम्ही पंधरा हजार वाचवले."

माझं मत असं आहे की हे पंधरा हजार पुष्कळदा वाचलेले नसतात. ते कुणाच्या तरी खिशातून निघालेले असतात. कधी सरकारच्या, कधी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याच्या, आणि बरेचदा आपल्या स्वतःच्याच, फक्त ते आपल्याला दोन वर्षांनी कळतं. म्हणून विक्रेत्यांची तुलना करताना खालच्या आकड्याआधी तो आकडा एवढा खाली आला कसा, हे विचारावं. ते विचारायला आपल्याकडे जुनी, तयार यादी आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते पाचही आज कॉम्प्युटरच्या दुकानात जसेच्या तसे भेटतात.

आधी मर्यादा, मग बाजार

आमच्या नातीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा हा विषय आमच्या घरी आला. इमारतीचं त्रिमितीय चित्र रेंडर करायला तेच ग्राफिक्स कार्ड लागतं जे खेळाला लागतं, त्यामुळे 'गेमिंग' हा शब्द ऐकून लगेच नाक मुरडू नये. खेळातल्या मारामारीबद्दल आणि भावहिंसेबद्दल घरात वेगळं बोलणं झालं. तो विषय एका स्वतंत्र लेखाचा आहे.

परिग्रह-परिमाण व्रताचा खरा उपयोग मला अशा खरेदीत दिसतो. मर्यादा घरी ठरवायची असते, दुकानात नाही. दुकानात गेल्यावर "अजून आठ हजार घाला, वरचं कार्ड येतं" हे वाक्य येतंच. त्यावर "अजून सहा घाला, स्क्रीन चांगली मिळते" हे येतं. या जिन्याला शेवटची पायरी नाही. आम्ही कागदावर लिहिलं: तीन वर्षांची वॉरंटी धरून, कर धरून, सगळं मिळून १,२५,००० रुपये. त्याच्या वर एक रुपया नाही.

त्याच कागदावर काय हवं तेही लिहिलं, आणि तो एकच कागद सगळ्या विक्रेत्यांना दिला. मी बी.कॉम.ला शिकले तेव्हा कोटेशन मागवण्याचा पहिला नियम हाच होता: सगळ्यांना मागणी एकसारखी द्या, म्हणजे भाव एकमेकांशेजारी ठेवता येतात. एकाकडे १६ जीबी विचारली, दुसऱ्याकडे "चांगली रॅम" म्हटलं, तर ती तुलना होत नाही. आंब्याचा भाव आणि पपईचा भाव शेजारी ठेवून कोणता स्वस्त ते कसं ठरवणार?

कागदावर या गोष्टी नेमक्या शब्दांत असाव्यात. ग्राफिक्स कार्डाचं नाव आणि ते या लॅपटॉपमध्ये किती वॅटवर चालतं तो आकडा. रॅम किती, आणि ती एकाच पट्टीत आहे की दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्या असल्या तर काम जास्त वेगानं होतं. रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली आहे का, कारण तशी असेल तर पुढे वाढवता येत नाही. एसएसडी किती आणि कोणत्या कंपनीची. स्क्रीन किती हर्ट्झची, आणि रंग किती दाखवते. ४५ टक्के एनटीएससी लिहिलेली स्क्रीन फिकी दिसते. चित्रकामाला १०० टक्के एसआरजीबी लागते. विंडोज कोणतं. वॉरंटी किती वर्षांची, आणि माणूस घरी येणार की आपण मशीन घेऊन जायचं.

विक्रेते तीन प्रकारचे

पहिला प्रकार म्हणजे कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ. काही कंपन्या तिथेच रॅम, एसएसडी, स्क्रीन निवडू देतात आणि तसा लॅपटॉप कारखान्यातून जुळवून पाठवतात. यायला वेळ लागतो, भावात घासाघीस नसते, पण आतला प्रत्येक भाग एकाच वॉरंटीखाली असतो.

दुसरा प्रकार आपल्या गावातला दुकानदार. तो कंपनीचा तयार लॅपटॉप घेतो, तो उघडून त्यात एक रॅमची पट्टी वाढवतो किंवा एसएसडी बदलतो. आपल्याकडे 'कस्टम' म्हणतात ते बहुतेक हेच. यात वाईट काही नाही, पण वाढवलेल्या भागाची वॉरंटी त्या भागाच्या कंपनीची असते, लॅपटॉपच्या कंपनीची नव्हे. शिवाय लॅपटॉप उघडल्यामुळे मूळ वॉरंटीला धक्का लागतो का, हे मॉडेलप्रमाणे विचारून लेखी घ्यावं लागतं. काढलेली मूळ पट्टी किंवा एसएसडी कुणाची? तिचे पैसे आपण दिलेले असतात, म्हणून ती आपली. हे न विचारणाऱ्याची ती दुकानातच राहते.

तिसरा प्रकार परदेशात जास्त चालतो. तैवानची क्लेव्हो कंपनी नुसता सांगाडा तयार करते, आणि अमेरिकेतला सेगर किंवा जर्मनीतला शेंकर यांच्यासारखे विक्रेते त्यात गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे भाग बसवून आपल्या नावानं विकतात. एकच सांगाडा दोन विक्रेत्यांकडे दोन नावांनी मिळतो, तेव्हा तिथे तुलना सांगाड्याची नसतेच. जोडणी कोण नीट करतो आणि बिघडल्यावर कोण परत घेतो, याची असते. आपल्या कुणाचा भाचा-पुतण्या अमेरिकेहून येताना असा लॅपटॉप आणतो. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, त्यामुळे ते कायद्याला धरून आहे. पण दुरुस्तीसाठी तो परत तिकडे पाठवायचा तर हवाई वाहतुकीत लिथियम बॅटरीचे नियम आडवे येतात. स्वस्तात पडलेला लॅपटॉप मग कपाटात पडतो.

ऑनलाइन बाजारात आणखी एक गोष्ट पाहावी. मोठ्या नावाच्या संकेतस्थळावर माल दिसला म्हणजे विकणारा तोच असतो असं नाही. खाली बारीक अक्षरात विक्रेत्याचं नाव असतं, आणि ते दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. आपला करार त्या नावाशी होतो.

पाच अतिचार, एकेक करून

पहिला स्तेनप्रयोग. चोराला चोरीसाठी उद्युक्त करणं किंवा त्याच्या चोरीला होकार देणं. आपण म्हणाल, आम्ही कुठे कुणाला चोरी करायला सांगतो? दुकानातल्या मुलाला "त्यात ते ऑटोकॅड आणि फोटोशॉप टाकून दे रे, दोन-चार गेमही टाक" असं सांगणारे पालक मी पाहिले आहेत. तो मुलगा पेन ड्राइव्ह काढतो आणि टाकतो. सांगितलं कुणी? आपण. आणि याची गरजही नसते. ऑटोडेस्क कंपनी आपली सॉफ्टवेअर पात्र विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी फुकट देते, ब्लेंडर तर सर्वांनाच फुकट आहे. थोडी चौकशी करायचा आळस म्हणून आपण मुलाच्या शिक्षणाची सुरुवात चोरीच्या हत्यारानं करतो.

दुसरा तदाहृतादान. चोरून आणलेली वस्तू घेणं. "विंडोज टाकून देऊ" आणि "विंडोज लायसन्ससह देऊ" या दोन वाक्यांत हजारो रुपयांचं अंतर आहे. कोटेशन कमी दिसण्याचं हे एक नेहमीचं कारण. लॅपटॉपबरोबर येणारं खरं विंडोज त्या मशीनशी बांधलेलं असतं. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडावं. आपल्या घरगुती लॅपटॉपवर तिथे "तुमच्या संस्थेच्या सेवेद्वारे सक्रिय" अशा अर्थाचं काही लिहिलेलं दिसलं, तर आपली कुठली संस्था, हा प्रश्न दुकानदाराला तिथेच विचारावा.

तिसरा विरुद्धराज्यातिक्रम. राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणं. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे. "बिल हवंय का?" असा प्रश्न आला की समजावं, सांगितलेल्या भावात कर नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. आणि बिल नसेल तर हा कायदा आपल्या कामाला येणार कसा? १९१५ क्रमांकावर तक्रार करताना, जिल्हा ग्राहक आयोगात जाताना, कंपनीकडे वॉरंटी मागताना, चोरी झाली तर पोलिसांत सांगताना पहिला कागद बिलच लागतो, आणि त्यावर मशीनचा अनुक्रमांक हवा. आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. एवढं मोठं संरक्षण आपण अठरा टक्क्यांत विकून टाकतो. चोरट्या मार्गानं आयात केलेला मालही याच अतिचारात येतो. लॅपटॉपला आणि त्याच्या ॲडॉप्टरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्यावर छापलेला असतो. दुकानातून घेताना तो शोधावा.

इथे आपल्या घरांसाठी खास एक गोष्ट. आपल्यात व्यापारी घरं पुष्कळ. ज्याच्याकडून आम्ही शेवटी घेतला त्या सज्जन दुकानदारानंही सहज विचारलं, "काकू, फर्मच्या नावानं बिल करू का? सतरा हजार सुटतील." हिशोब बरोबर होता. १,१६,५०० मध्ये कर १७,७७१ रुपये बसतो, आणि फर्मच्या जीएसटी क्रमांकावर तो वजावट म्हणून घेता येतो. पण लॅपटॉप नातीचा, घरच्या वापराचा. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर ही वजावट कायद्यानं मिळत नाही. "सगळेच करतात" हे मला माहीत आहे. अतिचारांची यादी सगळे करतात त्याच गोष्टींची असते. कुणीच करत नसतं तर यादी करावी लागली नसती.

चौथा हीनाधिकमानोन्मान. घेताना एक माप, देताना दुसरं. पूर्वी हे तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेल्या मेणात असायचं, आज वॅटमध्ये असतं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवता येतं. नाव दोन्हीकडे एकच, स्टिकर एकच, पण कमी वॅटचं कार्ड खेळात आणि रेंडरमध्ये स्पष्ट मागे पडतं. पूर्वी कमी ताकदीच्या कार्डाच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' असं लिहिलेलं असे. २०२१ साली आलेल्या ३० मालिकेपासून तो शब्द नावातून गेला. तेव्हापासून वॅटचा आकडा गिऱ्हाइकानं स्वतः विचारावा लागतो. ज्या विक्रेत्यानं हा आकडा विचारल्यावर लगेच, कंपनीच्या माहितीपत्रकातून काढून दाखवला, त्याला मी मनात एक गुण जास्त दिला.

पण माप कमी दिसलं म्हणजे प्रत्येक वेळी चोरी झाली असंही नाही. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते, एक टीबीची ९३१. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक. हे माहीत नसताना दुकानदारावर आरोप करणं हाही दोषच, फक्त तो सत्य व्रताच्या खात्यात जातो.

पाचवा प्रतिरूपक व्यवहार. अस्सल मालाच्या भावात त्याच्यासारखा दिसणारा माल देणं. दुरुस्त करून आलेला लॅपटॉप नवा म्हणून. नावाजलेल्या कंपनीची रॅम सांगून भलतीच. मूळ ॲडॉप्टरऐवजी कमी वॅटचा. कधीकधी तर कंपनीनंच ठेवलेल्या नावाचा आडोसा घेतला जातो. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ८ जीबी, आणि आतले कोअरही कमी. विकणारा डेस्कटॉपच्या कार्डाचे व्हिडिओ दाखवून लॅपटॉप विकत असेल, तर त्यानं खोटं काहीच सांगितलेलं नसतं, तरी आपण फसलेलो असतो.

यावर उपाय म्हणजे खोकं आपल्यासमोर उघडायला लावणं आणि पैसे चुकते करण्याआधी अर्धा तास मागून घेणं. खोक्यावरचा, मशीनखालचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे का. टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती, किती वेगाची आणि दोनपैकी किती खाचा भरल्या आहेत. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कार्डाची कमाल ताकद किती वॅट. विंडोज बॅटरीचा जो अहवाल काढून देतं, त्यात ती किती वेळा चार्ज झाली. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली आहे. माल दुकानात पडून राहिलेला असेल तर ती तारीख बिलाच्या आधीची निघते आणि बिल दाखवून दुरुस्त करून घ्यावी लागते. हे सगळं करताना प्रामाणिक दुकानदार रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडून निघावं.

तीन आकडे शेजारी ठेवल्यावर

आमच्याकडे शेवटी तीन कोटेशनं राहिली. पहिलं १,०४,००० चं, दुसरं १,१६,५०० चं, तिसरं कंपनीच्या संकेतस्थळावरचं १,२१,००० चं. घरात सगळ्यांचा कल साहजिकच पहिल्याकडे.

मी तक्ता केला. पहिल्या भावात कर नव्हता. १८ टक्क्यांनी १८,७२० वाढले, झाले १,२२,७२०. विंडोज 'टाकून' मिळणार होतं. खरं घ्यायचं तर सुमारे दहा हजार, म्हणजे १,३२,७२०. रॅम १६ जीबी खरी, पण एकाच पट्टीत. वॉरंटी "आमच्याकडे आणा, आम्ही बघतो" अशी तोंडी. दुसऱ्यात कर धरलेला, विंडोज लायसन्ससह, रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. त्यातली एक दुकानदारानं वाढवलेली, आणि तिची वॉरंटी वेगळी, हे त्यानं न विचारता कोटेशनवर लिहिलेलं. एक वर्ष घरी येऊन दुरुस्ती. पुढची दोन वर्षं हवी तर आठ हजार. एकूण १,२४,५००. तिसऱ्यात सगळं कारखान्यातून, पुढच्या दोन वर्षांना साडेसात हजार, एकूण १,२८,५००.

सगळ्यात स्वस्त कोटेशन सगळ्यात महाग निघालं. तिसरं मनापासून आवडलं होतं, कारण जबाबदारी एकाच दाराशी होती. पण मर्यादेबाहेर गेलं. दुसरं मर्यादेत पाचशे रुपये राखून बसलं. निर्णय घेताना वाद झालाच नाही, कारण वाद घालायचा तो घरी मर्यादा ठरवताना घालून झाला होता.

हप्त्यांबद्दलही एक ओळ. "बिनव्याजी हप्ते" म्हणतात त्यात व्याज असतं, ते सवलत म्हणून आधी वजा दाखवतात, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी व बँकेची प्रक्रिया फी आपल्याकडून घेतात. तक्त्यात ही रक्कमही मांडावी. रोखीच्या भावाशी हप्त्याचा भाव ताडताना हाच आकडा विसरला जातो.

आपला माणूस

आता जे लिहिते ते काहींना आवडणार नाही. तुलना करायला सगळ्यात अवघड विक्रेता म्हणजे 'आपला माणूस'. समाजातला, मंदिरात भेटणारा, लग्नाला येणारा. त्याच्याकडे कोटेशन मागायला आपल्याला लाज वाटते, आणि आपल्याला लेखी द्यायला त्याला अपमान वाटतो. "काकू, तुम्हाला बिल कशाला, मी आहे ना!" हे वाक्य प्रेमाचं असतं यात शंका नाही. पण 'मी आहे ना' ही वॉरंटी कुठल्याही सेवा केंद्रात चालत नाही. उद्या बोर्ड गेला तर लॅपटॉप जातो आणि संबंधही जातात, आणि मग पर्युषणात मिच्छामि दुक्कडम् म्हणताना दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत.

साधर्मी बांधवाबद्दल वात्सल्य हवंच. भाव सारखा असेल, कागद सारखा असेल, तर मी आधी त्याच्याकडे जाईन. हजार-पाचशे जास्त असले तरी जाईन. पण वात्सल्य म्हणजे त्याला बिलाशिवाय विकायची मुभा देणं नव्हे. माझ्या खरेदीमुळे त्याचं व्रत मोडत असेल, तर मी त्याचं भलं केलं की वाईट? उलट आपल्या माणसाकडे पक्कं बिल आग्रहानं मागावं. परक्याकडे तो आपला हक्क असतो, आपल्याकडे ते कर्तव्य होतं.

दुकानदाराचा तास

गिऱ्हाइकाचीही एक बाजू आहे. गावातल्या दुकानात दोन तास बसायचं, मुलाला पाच लॅपटॉप चालवून बघू द्यायचे, वॅट आणि हर्ट्झ समजावून घ्यायचे, चहा प्यायचा, आणि बाहेर पडून फोनवर दुसरीकडे ऑर्डर द्यायची. आपल्यातल्या ज्यांचं कापडाचं, भांड्यांचं, दागिन्यांचं दुकान आहे, त्यांना हे दुःख रोज भोगावं लागतं. जेवताना आपण तेच बोलत असतो. मग कॉम्प्युटरच्या दुकानात आपण तेच करतो तेव्हा आठवत नाही.

यावर माझा साधा नियम आहे. दुकानात पाय ठेवताना सांगायचं: "आम्ही तीन ठिकाणी विचारतोय, शनिवारपर्यंत ठरवू." खोटी कोटेशनं सांगून भाव पाडायचा नाही, "पलीकडचा एक लाख दहाला देतोय" असं म्हणायचं तर ते खरं असावं. एकाचा कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही. आणि ज्याच्याकडून घेतला नाही त्याला फोन करून कळवायचं. पहिल्या दुकानदाराला मी कारणासह कळवलं: कर आणि विंडोज धरून तुमचा भाव जास्त होतो. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "असं कुणी जोडून सांगत नाही."

काही मैत्रिणी म्हणतील, एका लॅपटॉपसाठी अणुव्रतापर्यंत जायची काय गरज? मला वाटतं, अणुव्रतं गृहस्थासाठी सांगितली ती याच कारणानं. मुनींना बिलं लागत नाहीत. बाजारात जावं लागतं ते आपल्याला, आणि व्रत टिकतं की मोडतं ते पाटावर बसून कळत नाही, काउंटरवर कळतं. शिवाय या खरेदीत शेजारी अठरा वर्षांचं मूल उभं असतं. ते वॅट आणि जीबी आपल्यापेक्षा चांगलं जाणतं, त्यात आपण त्याला काही शिकवू शकत नाही. पण "बिल करा" हे आपण ज्या सहजपणे म्हणतो किंवा म्हणत नाही, ते ते बघत असतं, आणि आयुष्यभर तसंच वागतं.

या जून-जुलैत ज्यांच्या घरी हा विषय निघेल त्यांनी एवढं करावं. मर्यादा घरी ठरवा, मागणीचा कागद एकच ठेवा, कोटेशन लेखी घ्या, पाच अतिचारांवरून एकेका विक्रेत्याला तपासा आणि मगच खालचा आकडा बघा. आणि नवा लॅपटॉप आल्यावर जुना कपाटात ठेवू नका. चालत असेल तर त्यातला आपला डेटा पुसून बोर्डिंगमधल्या एखाद्या मुलाला द्या, बंद असेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. घरात एक वस्तू आली की एक जावी, एवढं परिमाण तर आपल्याला नक्की पाळता येईल.